पिस्तूल कोळंबीची नांगी यंत्रात उतरवताना: पाण्यात खरा कॅव्हिटेशन बुडबुडा कसा काढायचा

पिस्तूल कोळंबी आपली मोठी नांगी झटक्यात मिटून पाण्यात कॅव्हिटेशन घडवते, म्हणजे दाब एकदम उतरल्याने होणारा वाफेचा बुडबुडा काढते. तेच काम करणारी यांत्रिक नांगी कशी करायची, ते इथे बघू. यंत्राची नांगी मिटली, टक् असा आवाज आला, पाण्यात बुडबुडे दिसले, की कॅव्हिटेशन झालं असं समजून बरेच जण तिथेच थांबतात. बहुतेक वेळा ते बुडबुडे खोबणीत अडकलेल्या हवेचे असतात आणि तो टक् नांगीची दोन बोटं एकमेकांवर आपटल्याचा असतो. मग ‘अजून जोर हवा’ म्हणून जाड स्प्रिंग बसवली जाते. आवाज वाढतो, अडकलेली हवा जास्त बारीक फुटते, आणि चूक यशासारखी दिसू लागते.

म्हणून या लेखात स्प्रिंग सगळ्यात शेवटी येते. त्याआधी दट्ट्या आणि खोबणीची जुळणी, मग हवा काढणं, मग पाणी. हा क्रम उलटा केला की यंत्र चालतं, पण काय चाललंय ते कळत नाही.

## यंत्र नेमकं काय करतं

या कोळंबीच्या मोठ्या नांगीत एक बोट हलतं, एक स्थिर असतं. हलत्या बोटाला दट्ट्यासारखा उंचवटा असतो, स्थिर बोटात त्याच्या मापाची खोबण. दट्ट्या वेगाने खोबणीत घुसला की आतलं पाणी अरुंद पन्हळीतून झोतासारखं बाहेर फेकलं जातं. झोताच्या कडेने पाणी गुंडाळून भोवऱ्याचं कडं तयार होतं. त्या भोवऱ्याच्या गाभ्यात दाब इतका उतरतो की पाणी न तापताही त्याची वाफ होते. तो कॅव्हिटेशनचा बुडबुडा. आजूबाजूचा दाब लगेच त्याला चिरडतो, आणि खरा आवाज तेव्हा होतो.

किती वेग लागतो? २० अंश सेल्सियसला पाण्याचा बाष्पदाब सुमारे २.३ किलोपास्कल, वातावरणाचा दाब १०१ किलोपास्कल. म्हणजे साधारण ९९ किलोपास्कलची घट घडवायची आहे. पाण्याच्या वेगामुळे येणारा गतिज दाब या आकड्याला १४ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास गाठतो. कोळंबीचा झोत सुमारे २५ मीटर प्रति सेकंदाचा मोजला गेला आहे. आपलं लक्ष्य या दोन आकड्यांच्या मधलं: १८ ते २० मिळाले तरी काम होतं.

टाकीच्या खोलीची चिंता नको. १० सेंटिमीटर पाण्याने दाब जेमतेम १ किलोपास्कल वाढतो.

(मँटिस कोळंबीचा हातोडा हा दुसरा रस्ता. तिथे कठीण पृष्ठभागावर आघात होतो आणि पृष्ठभाग एकमेकांपासून सुटताना बुडबुडा होतो. आघाताचा आवाज आणि बुडबुड्याचा आवाज तिथे एकमेकांत फार गुंततात. पहिलं यंत्र म्हणून नांगीच बरी.)

## टप्पा १: मापं ठरवा

कोळंबीची खरी नांगी दोन-तीन सेंटिमीटरची. त्या मापाचं यंत्र करायला जाऊ नका. फट राखणं अशक्य होतं. २०१९ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठात केलेलं यंत्रही खऱ्या नांगीच्या पाचपट होतं आणि टॉर्शन स्प्रिंगवर (पिळून ताणायच्या स्प्रिंगवर) चालत होतं. खालची मापं नांगीच्या हुबेहूब आकाराची नाहीत, तिच्या तत्त्वाची आहेत. करायला सोपी पडतात.

- हलतं बोट: बिजागरीपासून टोकापर्यंत ६० मिमी, रुंदी १२ मिमी, ॲल्युमिनियमचं, टोकाकडे निमुळतं.
- बोटाची शेपटी: बिजागरीच्या मागे २५ मिमी, तिच्यावर पोलादी पट्टी. उघडं बोट धरून ठेवणारी खिटी इथे अडकते.
- दट्ट्या: बिजागरीपासून ३५ मिमीवर मध्य, आडवा छेद १० × ८ मिमी. एम३ च्या दोन स्टेनलेस स्क्रूंनी काढता-घालता येणारा.
- खोबण: खोली ९ मिमी. दट्ट्या तिच्यात ५ मिमी शिरतो, खालच्या ४ मिमीत पन्हळीचं तोंड.
- पन्हळ: छेद ४ × ४ मिमी, लांबी १२ ते १५ मिमी, दिशा बोटाच्या टोकाकडे.
- उघडण्याचा कोन: ६० अंश.
- बिजागरी: ६ मिमीची स्टेनलेस दांडी, ॲसिटलचे (एक कठीण, गुळगुळीत प्लास्टिक) बुश. बॉल बेअरिंग नको; त्यात हवा आणि ग्रीस दोन्ही लपतात.

दट्ट्या काढता येणारा का, हे टप्पा ८ मध्ये कळेल. ती सोय गाळू नका.

दट्ट्या जास्त खोल घुसला तर झोत जास्त ताकदीचा होईल, हा समज चुकीचा आहे. ५ मिमी शिरलेला दट्ट्या ४०० घन मिलिमीटर पाणी ढकलतो. १६ चौरस मिलिमीटरच्या पन्हळीतून ते २५ मिमी लांबीचा स्तंभ होऊन बाहेर पडतं. भोवऱ्याचं कडं पन्हळीच्या व्यासाच्या साधारण चौपट लांबीचं पाणीच गुंडाळून घेतं, बाकीचं मागे शेपटासारखं फरफटत राहतं. आपली पन्हळ गोल धरली तर व्यास ४.५ मिमी, म्हणजे १८ मिमीत कडं भरलं. ५ मिमी पुरून उरतात.

## टप्पा २: दट्ट्या आणि खोबण. इथे घाई नाही

यश-अपयश मुख्यतः इथे ठरतं, म्हणून हिशेब नीट बघा.

दट्ट्याचं क्षेत्रफळ ८० चौ. मिमी, पन्हळीचं १६. प्रमाण पाचास एक. दट्ट्या ५ मीटर प्रति सेकंदाने आला तर कागदावर झोत २५ मीटर प्रति सेकंदाचा. पण दट्ट्याभोवती चारी बाजूंनी फट असते आणि पाणी तिथूनही पळतं. दट्ट्याचा परिघ ३६ मिमी. फट ०.३ मिमी ठेवली तर गळतीची वाट १०.८ चौ. मिमीची झाली, म्हणजे पन्हळीच्या दोन तृतीयांश! झोत १५ मीटर प्रति सेकंदावर येतो, अगदी सीमारेषेवर. फट ०.१५ मिमी केली तर गळतीची वाट ५.४ चौ. मिमी आणि झोत १९ च्या जवळ. स्प्रिंगला हात न लावता वेग पाव हिश्श्याने वाढला.

क्रम असा:

१. दट्ट्याच्या बाजू सरळ काढू नका, बिजागरीच्या अक्षाभोवती वक्र काढा. बोट वर्तुळात फिरतं. ३५ मिमी त्रिज्येवर ५ मिमी शिरताना सरळ दट्ट्या ०.३६ मिमी बाजूला सरकतो, म्हणजे ठेवलेल्या फटीच्या दुपटीहून जास्त. तो एका भिंतीला घासतो आणि समोरच्या भिंतीशी दरवाजा उघडा सोडतो. संगणकावर रेखाटताना दट्ट्याचा छेद बिजागरीच्या अक्षाभोवतीच फिरवून आकार काढा, खोबणही तशीच.

२. खोबणीचा भाग एसएलए प्रिंटरवर (द्रव रेझिन प्रकाशाने घट्ट करणारा ३डी प्रिंटर), चिवट रेझिनमध्ये छापा. प्लास्टिकची तार वितळवणाऱ्या साध्या ३डी प्रिंटरवर थरांच्या मधल्या रेघांत हवा अडकते. तोच वापरायचा असेल तर आतून इपॉक्सीचा पातळ हात द्या आणि मापात त्याची जाडी धरा.

३. दट्ट्या ॲसिटलचा करा. नायलॉन पाणी पितं आणि फुगतं.

४. खोबणीच्या वरच्या काठाला ०.५ मिमीचा उतार द्या, म्हणजे दट्ट्या शिरताना अडखळत नाही. पन्हळीचं आतलं तोंड १ मिमी त्रिज्येने गोल करा. बाहेरचं तोंड मात्र धारदारच ठेवा. तिथेच पाणी काठ सोडून गुंडाळायला लागतं. सवयीने सगळ्या कडा पॉलिश करणारे इथे फसतात.

५. आता सगळे भाग ४८ तास पाण्यात बुडवून ठेवा. अंतिम घासकाम त्यानंतर.

सावधान: कोरड्या भागांवर ०.१५ मिमी बसवून टाकीत सोडलेलं यंत्र दुसऱ्या दिवशी अडकू शकतं. रेझिन थोडं का होईना पाणी घेतंच. मग लोक कोपरे घासून फट ०.४ मिमी करून बसतात.

६. दट्ट्याला मार्किंग ब्लूचा पातळ थर लावा, हाताने हळू मिटवा, उघडा. खोबणीत निळा डाग पडेल तेवढीच जागा ६०० आणि नंतर १००० नंबरच्या ओल्या कागदाने घासा. दोन-तीन फेऱ्यांत डाग जातो. ब्लू पूर्ण पुसून काढा.

७. बिजागरीला बाजूची हालचाल उरली असेल तर पातळ वॉशर घालून ती ०.०५ मिमीच्या आत आणा. बोट डावी-उजवीकडे डुललं तर वरचं सगळं मोजमाप वाया.

तपासणी: स्प्रिंग नसताना नांगी सरळ उभी धरा. बोट स्वतःच्या वजनाने कुठेही न अडखळता मिटलं पाहिजे. मिटलेल्या स्थितीत दट्ट्याच्या चारी बाजूंनी ०.१० मिमीची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) जावी, ०.२० ची जाऊ नये.

## टप्पा ३: खिटी आणि थांबा

नांगी हाताने धरून सोडणं हा प्रकार करूच नका. सुटका एका क्षणात आणि दर वेळी सारखी व्हायला हवी.

खिटी शेपटीवर अडकवा, टोकावर नाही. टोकाची खिटी झोताच्या वाटेत येते. पूर्ण चाप चढल्यावर, म्हणजे बोट पूर्ण उघडून अडकवल्यावर, शेपटीच्या टोकाशी सुमारे १२० न्यूटन भार येतो. छापलेल्या प्लास्टिकची खिटी पहिल्या काही वारांतच गोल होते आणि आपोआप सुटू लागते. कठीण केलेलं पोलाद, दोन्ही पृष्ठभाग काटकोनात, आणि ओढायला लांब दांड्याची तरफ. दोरी पुलीवरून टाकीबाहेर आणा.

खिटीजवळ ४ मिमीची सुरक्षा खीळ आडवी घाला. हात टाकीत असेल तोवर खीळ जागेवर.

थांब्याला १ मिमीची नायट्राइल रबरपट्टी पुरते. जाड मऊ रबर लावलं की बोट मागे उसळतं, खोबण पाणी परत ओढते आणि नुकतंच सुटलेलं कडं बिघडतं.

## टप्पा ४: टाकी मांडा

३०० × २०० × २५० मिमीची, ८ ते १० मिमी जाड ॲक्रिलिकची टाकी. काच नको, धक्क्याला ती बेभरवशाची. नांगी तळापासून ८० मिमी वर, झोत आडवा, समोरची भिंत १०० मिमीपेक्षा लांब, डोक्यावर किमान १०० मिमी पाणी. यापेक्षा उथळ ठेवलं तर बोट फिरताना वरची हवा खाली खेचतं, आणि ती हवा पुन्हा ‘बुडबुडा’ म्हणून मोजली जाते.

चौकट टाकीच्या भिंतींना टेकवू नका. टाकीवर आडवी टाकलेली दांडी, खाली फोम, त्यावरून लटकलेली नांगी. आवाज मोजताना याचा फार उपयोग होतो.

## टप्पा ५: पाणी तयार करा

नळाचं ताजं पाणी चालत नाही. त्यात विरघळलेली हवा भरपूर असते. ती वाफेच्या बुडबुड्यात शिरते आणि कोसळताना आत गादीसारखी दबते. आवाज मऊ येतो, मागे बारीक बुडबुडे तरंगत राहतात.

गाळलेलं पाणी १५ ते २० मिनिटं खळखळून उकळा, झाकण ठेवून थंड करा. मग नळी टाकीच्या तळाशी धरून सावकाश भरा. वरून धार सोडली की उकळण्याची मेहनत एका मिनिटात वाया जाते. विरघळलेला प्राणवायू मोजायचं यंत्र असेल तर २५ अंशांना हवेने भरलेलं पाणी लिटरला ८.३ मिलिग्रॅमच्या जवळ दाखवतं. आपल्याला ३ ते ४ हवेत.

शून्याकडे नेण्याचा हट्ट नको. पाण्यातले सूक्ष्म वायुकण हेच वाफेला सुरुवात करून देतात. अतिशय स्वच्छ, पूर्ण निर्वात केलेलं पाणी ताण सहन करतं आणि बुडबुडा निघायलाच तयार होत नाही. निर्वात पंप ज्यांच्याकडे आहे, ते हमखास या टोकाला जातात.

तापमान २० ते २५ अंश ठेवा आणि प्रत्येक वेळी लिहून ठेवा. कोमट पाण्यात बुडबुडा लवकर निघतो पण आत वाफ जास्त राहिल्याने कोसळणं बोथट होतं; दोन दिवसांचे निकाल जुळले नाहीत तर आधी तापमान बघा.

## टप्पा ६: हवा हाकला

सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात जास्त वगळला जाणारा टप्पा.

१. भाग पाण्यात घालण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि तयार केलेल्या पाण्यात विसळा. पृष्ठभाग पटकन भिजतो. साबण नको, फेस होतो.

२. नांगी उघडी ठेवून, खोबणीचं तोंड वर करून, तिरकी आत सोडा. सरळ खाली दाबली तर खोबण पालथ्या पेल्यासारखी हवा घेऊन बुडते.

३. वाकड्या बोथट सुईच्या सिरिंजने खोबणीत खालपासून पाणी मारा, पन्हळीतून बाहेर निघेपर्यंत. नंतर पन्हळीच्या तोंडातून उलट दिशेने.

४. दट्ट्याच्या स्क्रूंची डोकी, बुशच्या कडा, रबरपट्टीच्या मागची बाजू, सगळं मऊ ब्रशने घासा. स्प्रिंगा बसवल्यावर त्यांच्या वेटोळ्यांवरूनही ब्रश फिरवा.

५. हाताने सावकाश दहा वेळा मिटवा-उघडा, अर्धा तास तसंच सोडा, परत सिरिंज.

तपासणी: खोली अंधारी करून विजेरी बाजूने मारा. हवा राहिली असेल तर खोबणीच्या तळाच्या कोपऱ्यात केसाएवढी चंदेरी रेघ चमकते. तो कोपरा पाण्याने भरला की रेघ विझते आणि रेझिनचा मूळ रंग दिसतो. रेघ दिसतेय तोवर पुढे जाऊ नका. तेवढ्याशा हवेनेही दट्ट्याचा दाब स्पंजावर पडल्यासारखा जिरतो.

## टप्पा ७: आता स्प्रिंग

दोन टॉर्शन स्प्रिंगा, बोटाच्या दोन्ही बाजूंना एकेक: एक उजव्या वेटोळ्याची, एक डाव्या. एकच लावली तर बोट तिरकं ओढलं जातं आणि दट्ट्या घासतो.

प्रत्येकी तार २.५ मिमी, सरासरी व्यास २० मिमी, ८ वेटोळी, स्टेनलेस. मिटलेल्या स्थितीतच त्या सुमारे ५७ अंश पिळलेल्या असाव्यात. हा आगाऊ पीळ विसरणं ही नेहमीची चूक. बोट उघडताना जोर लागतो म्हणून स्प्रिंग जबर वाटते, पण दट्ट्या खोबणीत शिरतो त्या शेवटच्या अंशांत तिच्यात काहीच उरलेलं नसतं. आणि आपल्याला जोर हवा असतो तो नेमका तिथे.

टॉर्शन स्प्रिंग पिळली की तिचा व्यास आक्रसतो. आतल्या नळीचा व्यास १५ मिमी ठेवा. १७ मिमीची बसवली तर पूर्ण चाप चढवताना स्प्रिंग नळीला आवळते.

तपासणी: बिजागरीपासून १०० मिमीवर ताणकाटा लावा. बोट जेमतेम उचललं जाताना साधारण दीड किलो, ६० अंश उघडताना साधारण तीन किलो दिसायला हवेत. दीडच्या जागी अर्धा किलो आला तर आगाऊ पीळ कमी आहे.

सावधान: पूर्ण चाप चढलेल्या बोटाच्या टोकाशी ५० न्यूटन जोर असतो आणि तो काही मिलिसेकंदांत मिटतो. तुमच्या हाताचं बोट मध्ये आलं तर हाड मोडू शकतं. चाप हाताने नाही, लांब तरफेने चढवा. खीळ घाला, हात बाहेर काढा, टाकीला पारदर्शक झाकण लावा, डोळ्यांवर गॉगल, मग खिटीच्या बाजूने दोरीने खीळ ओढून काढा. हवेत कोरडा वार कधीच करू नका. पाण्याचा विरोध नसताना बोट इतक्या वेगाने आपटतं की दट्ट्याचे स्क्रू किंवा खोबणीची भिंत जाते.

पहिले वार २० अंशांच्या उघडीपासून. पन्हळीत सिरिंजने खाण्याच्या रंगाचा थेंब सोडून वार करा. रंग सरळ जाऊन पुढे मेदूवड्यासारखं कडं दिसलं तर जुळणी बरोबर. रंग दट्ट्याच्या बाजूने वर उसळला तर टप्पा २ कडे परत. रंगाने पाणी गढुळतं, त्यामुळे ही चाचणी वेगळ्या पाण्यात करा. मग ४० अंश, मग ६०.

## टप्पा ८: बुडबुडा खरा आहे का

डोळा आणि कान दोन्ही इथे कुचकामी. ३ मिमी त्रिज्येचा बुडबुडा पूर्ण फुगल्यापासून कोसळायला साधारण ०.२८ मिलिसेकंद घेतो, १ मिमीचा ०.०९. फोनचा २४० फ्रेमचा स्लो मोशन दर ४.२ मिलिसेकंदांनी एक चित्र घेतो. त्यात जे निवांत तरंगताना दिसतं, ती हवा. खरा बुडबुडा दोन चित्रांच्या मधे जन्मतो आणि मरतो.

### आवाजाची चाचणी

हायड्रोफोन (पाण्यातला मायक्रोफोन) नसेल तर २७ मिमीची पिझो चकती (दाब पडला की विजेचा संकेत देणारी), तारा जोडून, सगळीकडून इपॉक्सीत बुडवलेली. ती नांगीच्या चौकटीला नव्हे, वेगळ्या स्टँडला बांधा. पन्हळीच्या तोंडापासून १५० मिमी, झोताच्या रेषेपासून बाजूला. झोत चकतीवर आदळला तर त्याचाच धक्का नोंदवला जातो. ऑसिलोस्कोपवर दहापट प्रोब, सेकंदाला किमान १० लाख नमुने, एकदाच ट्रिगर.

पडद्यावर काय बघायचं? बोट थांब्याला आपटल्याची नोंद पसरट असते: वरखाली हेलकावत हळूहळू विरते. कोसळण्याची नोंद म्हणजे सुईसारखा उभा काटा, बहुतेक वेळा मागोमाग एक-दोन लहान काटे, कारण बुडबुडा उसळून पुन्हा कोसळतो. २००० साली याच पद्धतीने, हायड्रोफोन आणि हाय-स्पीड कॅमेरा एकत्र चालवून, कोळंबीचा आवाज बोटं आपटल्याचा नसून बुडबुडा कोसळल्याचा आहे हे दाखवलं गेलं. पाण्यात आवाज १५० मिमी जायला ०.१ मिलिसेकंद घेतो. चित्र आणि आवाज जुळवताना तेवढं वजा करा.

आता दट्ट्या काढता येण्याचा उपयोग. स्क्रू काढून दट्ट्या बाजूला ठेवा, बाकी सगळं तसंच ठेवून पाच वार करा. पसरट नोंद राहिली आणि उभा काटा गेला, तर तो काटा खरा होता. काटाही राहिला, तर तो चौकटीचा किंवा थांब्याचा आवाज आहे. आधीचे सगळे निकाल बाजूला ठेवा आणि चकतीचा स्टँड तपासा. ही तुलना न करता दाखवलेल्या कुठल्याही आलेखावर विश्वास ठेवू नये.

### चित्राची चाचणी

हाय-स्पीड कॅमेरा असेल तर सेकंदाला २०,००० फ्रेमच्या वर चालवा. मागून प्रकाश, मधे दुधी पत्रा. एलईडी थेट डीसीवर हवा. डिमरवरचा एलईडी लुकलुकतो आणि चित्रात पट्टे येतात.

तसा कॅमेरा नसेल तर साधा कॅमेरा आणि फ्लॅश पुरतात. अंधाऱ्या खोलीत शटर उघडं, फ्लॅश सगळ्यात कमी शक्तीवर; तिथे त्याचा लखलखाट एका मिलिसेकंदाच्या छोट्याशा अंशापुरताच टिकतो. बोटात लहान चुंबक आणि चौकटीवर इपॉक्सीत बसवलेला हॉल सेन्सर (चुंबक जवळ आल्याचं ओळखणारा), मिटण्याच्या ५ अंश आधी संकेत देणारा. संकेतानंतरचा विलंब ०.१ मिलिसेकंदांनी वाढवत जा, दर वारी एक चित्र. रीड स्विच इथे वापरू नका. त्याची पाती थरथरते आणि वेळ दर वेळी बदलते.

खरा बुडबुडा पन्हळीच्या तोंडाबाहेर, झोताभोवती कड्याच्या किंवा तुटक कड्याच्या आकारात दिसतो, काही विलंबांनंतर तिथेच चुरगळलेला, आणि त्यानंतर तिथे जवळपास काहीच नसतं. खोबणीच्या आतून निघालेला, गोल, विलंब वाढवला तरी तेवढाच राहणारा बुडबुडा म्हणजे टप्पा ६ ची हवा.

प्रकाशाची अपेक्षा मात्र ठेवू नका. कोळंबीच्या बुडबुड्यातून कोसळताना क्षणिक उजेड निघतो आणि आत किमान ५,००० केल्व्हिन तापमान असावं असा अंदाज आहे, पण तो उजेड नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. अंधारात ठिणगी ‘दिसली’ तर पोलादी खिटी तपासा.

## अडलं तर कुठे बघायचं

काटा कधी येतो, कधी नाही. आधी पाण्याचा प्राणवायू आणि तापमान. उघड्या टाकीतलं पाणी तासागणिक हवा परत घेतं. लांब प्रयोगात झाकण ठेवा. ते ठीक असेल तर खिटीची कड गोल झाली आहे का बघा. सुटका मंद झाली की सुरुवातीचा वेग जातो.

पहिल्या दहा वारांत चांगलं, मग हळूहळू कमी. मागच्या वारांचे बारीक बुडबुडे पाण्यात उरले आहेत. दोन वारांमध्ये दोन मिनिटं थांबा. तरीही तसंच, तर दट्ट्याचे स्क्रू ढिले झाले आहेत.

आवाज मोठा, काटा नाही. थांबा आपटतोय, झोत होत नाहीये. फीलर पट्टी घेऊन टप्पा २ ची तपासणी पुन्हा करा. स्प्रिंग बदलायची नाही.

झोत एका बाजूला वळतो. पन्हळीच्या बाहेरच्या धारेवर रेझिनचं कुसळ किंवा टवका. भिंगाखाली बघून धारदार पात्याने काढा, कागदाने घासून गोल करू नका.

सगळं बरोबर, तरी वेग कमी. बोटाचं टोक अजून निमुळतं करा. टोक सगळ्यात वेगाने फिरतं, म्हणून पाण्याचा विरोध तिथेच सगळ्यात जास्त. १२ मिमीचं टोक ६ मिमीवर आणणं हे जाड स्प्रिंगपेक्षा स्वस्त आणि सुरक्षित. स्प्रिंग वाढवायचीच असेल तर आगाऊ पीळ १० अंशांनी वाढवा आणि प्रत्येक वाढीनंतर दट्ट्याविना पाच वार, दट्ट्यासह पाच वार, अशी तुलना करा.

दर ५० वारांनंतर पन्हळीचं तोंड भिंगाने बघा. बुडबुडे काठाजवळ कोसळत असतील तर तिथे टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडतात. रेझिनवर ते दिसू लागले की तोंडाचा तुकडा बदला. काम संपल्यावर नांगी मिटलेली, खीळ घातलेली, आणि स्प्रिंगांचा आगाऊ पीळ उतरवून ठेवा. दट्ट्या मात्र ओल्या फडक्यात गुंडाळून खोबणीच्या भागासोबतच ठेवा. कोरडा पडून पुन्हा भिजला की फट नव्याने मोजावी लागते.